वाक्यातील कर्ता आणि व्यवहारातील कर्ता

वर्तमानपत्रातील अर्थविषयक मजकूर नियमाने वाचणाऱ्याला पुढील वाक्यांत काही वावगे आहे असे वाटणार नाही. शेअरबाजार सावरला. रुपया घसरला. रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवला. दिल्लीने कांद्याची निर्यात रोखली. लासलगावात कांदा कोसळला. वाक्ये पाच, कर्तेही पाच. आणि त्यांत माणूस एकही नाही. वस्तुतः बाजाराला हातपाय नसतात, दिल्ली हे एक शहर आहे, बँक ही कायद्याने निर्माण केलेली संस्था आहे आणि कांदा हा कांदाच आहे. या प्रत्येक वाक्यामागे कोणीतरी माल विकला आहे, कोणीतरी विकत घेतला आहे, कोणीतरी मत दिले आहे किंवा कागदावर सही केली आहे. तरीही वाचक अडखळत नाही. शहर, इमारत, नाणे, भाजी यांना कर्त्याच्या आसनावर बसलेले पाहण्याची त्याला सवय झालेली आहे.

हे कसे घडते, हा व्याकरणाचा प्रश्न आहे. त्यातून काय घडते, हा मात्र अर्थकारणाचा आणि लोकशाही व्यवहाराचा प्रश्न आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने व्याकरणाच्या शेतात पाऊल टाकावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु ज्या वाक्यांतून अर्थव्यवहार आपल्यापर्यंत पोहोचतो, ती वाक्येच जर जबाबदारीची वाटणी करीत असतील, तर त्यांची घडण पाहणे अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही चुकविता येणार नाही.

मचाणे ओरडतात

एका वस्तूचे नाव घेऊन तिच्याशी निगडित असलेली दुसरी वस्तू सुचविणे, या शक्तीला आपल्या शास्त्रकारांनी लक्षणा म्हटले. त्यांची ठरलेली उदाहरणे मोठी बोलकी आहेत. ‘मचाणे ओरडतात’ म्हणजे मचाणांवर बसलेली माणसे ओरडतात. ‘भाले आत शिरतात’ म्हणजे भालेकरी आत शिरतात. गौतमाच्या न्यायसूत्रांत एका वस्तूचे नाव दुसरीला का दिले जाते याची दहा कारणे मोजून सांगितली आहेत. साहचर्य, स्थान, सामीप्य, साधन, आधिपत्य ही त्यांपैकीच. पुढे मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेच्या अटी नेमक्या मांडल्या: शब्दाचा मूळ अर्थ वाक्यात जुळत नसला पाहिजे, मूळ अर्थाचा नव्याशी संबंध असला पाहिजे, आणि त्या वापरामागे एक तर रूढी असली पाहिजे किंवा काही प्रयोजन तरी.

यांतील शेवटची अट या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. ‘सभेला सारे गाव लोटले’ असे आपण म्हणतो तेव्हा रूढीने बोलत असतो. कोणालाही लपवावयाचे नसते. गाव म्हणजे गावातील माणसे, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. उलट एखादे नाव प्रयोजनाने पुढे केले जाते तेव्हा ते प्रयोजन कोणाचे, हे विचारणे भाग पडते.

सत्तेच्या व्यवहारात हे प्रयोजन फार जुने आहे. इजिप्तच्या राजाला आपण फारो म्हणतो; त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘महान घर’. राजवाड्याचे नाव राजालाच चिकटले. जपानी सम्राटाला पूर्वी मिकाडो म्हणत, म्हणजे सन्माननीय द्वार. तुर्की साम्राज्याचे सरकार युरोपच्या राजकारणात ‘उच्च द्वार’ म्हणून ओळखले जाई. आजही लंडनमध्ये व्हाइटहॉल बोलते, पॅरिसमध्ये एलिझे बोलते, टोकियोत कासुमिगासेकी म्हणजे नोकरशाही आणि नागाताचो म्हणजे राजकारण. सत्ताधाऱ्याचे नाव थेट घेण्याचा संकोच आणि इमारतीच्या भिंतींना येणारे गांभीर्य या दोहोंतून ही पद्धत जगभर रुजली असावी.

आपल्याकडचे उदाहरण तर हाताशीच आहे. मुंबईतील राज्य शासनाच्या मुख्य इमारतीला पूर्वी सचिवालय म्हणत. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना तिचे मंत्रालय झाले. इमारत तीच, जिने तेच आणि फायलीही त्याच. पण ‘सचिवालयाने कळविले’ या वाक्यात सचिव बोलत होते. ‘मंत्रालयाने कळविले’ या वाक्यात मंत्री बोलू लागले. निदान व्याकरणापुरता तरी निर्णय अधिकाऱ्यांकडून लोकप्रतिनिधींकडे आला. जागेचे नाव कर्ता म्हणून वापरले, तरी त्या नावात माणसाचा माग राहू शकतो, हे त्यावरून दिसते.

भाषेगणिक वेगळा उंबरठा

कर्त्याच्या आसनावर कोणी बसावे, याबाबत मात्र सर्व भाषा सारख्या उदार नाहीत. इंग्रजीचा उंबरठा सर्वांत सखल म्हणावा लागेल. तेथे तंबू चौघांना ‘झोपवतो’, हॉटेल कुत्र्यांना ‘मनाई करते’, एक पेनी दोन टाचण्या ‘विकत घेते’ आणि एखादे वर्ष मोठे बदल ‘पाहते’. हीच वाक्ये जर्मनमध्ये शब्दशः नेली तर बहुतेक ठिकाणी जर्मन माणूस हसेल. तो म्हणेल, या तंबूत चौघे झोपू शकतात. या हॉटेलात कुत्र्यांना मनाई आहे. भाषाशास्त्रज्ञ जॉन हॉकिन्स यांनी १९८६ साली इंग्रजी व जर्मन यांची जी तौलनिक मांडणी केली, तीत या फरकाचे एक कारण दिलेले आहे. इंग्रजीतील विभक्तिप्रत्यय झिजून गेले, त्यामुळे वाक्यातील पहिल्या स्थानावर अधिक भार पडला. आणि जर्मनमध्ये जे अर्थसंबंध प्रत्ययांनी व शब्दयोगी अव्ययांनी दाखविले जातात, ते इंग्रजीत कर्त्याच्या पोटात सामावले गेले.

जपानीत निर्जीव वस्तूला सकर्मक क्रियेचा कर्ता करणे परंपरेने अस्वाभाविक मानले जाते. तशी वाक्ये दिसली की ती पाश्चात्त्य भाषांतून उतरविलेली आहेत असे तिकडचे शिक्षक विद्यार्थ्यांना सांगतात. अमेरिकेतील नावाहो भाषेचा दंडक त्याहूनही कडक आहे. तीत सजीवतेची एक उतरंडच आहे. माणूस वरच्या पायरीवर, मोठी जनावरे त्याखाली, लहान जीव आणखी खाली, निर्जीव वस्तू तळाशी. खालच्या पायरीवरील वस्तूने वरच्यावर क्रिया केली असे सरळ म्हणता येत नाही. वरच्या पायरीवरील नाम आधी आणून क्रियापदाचे रूप बदलावे लागते. घोड्याने माणसाला लाथ मारली, हे सांगतानाही वाक्य माणसापासून सुरू करावे लागते.

मराठीचा कल या बाबतीत इंग्रजीपेक्षा जर्मनशी जुळणारा आहे. ‘हे पातेले दोन शेर शिजवते’ असे आपल्या घरात कोणी म्हणत नाही. ‘या पातेल्यात दोन शेर भात शिजतो’ असे म्हणतात. पातेले ही जागा आहे आणि ती सप्तमीतच राहते. इंग्रज पाहुण्याला विचारतो की कोणत्या गोष्टीने तुम्हाला इकडे आणले. आपण विचारतो, ‘इकडे कुठे येणे केलेत?’ कोणतीही ‘गोष्ट’ आपल्याकडे पाहुण्यांना आणत नाही. पाहुणे आपल्या पायांनी येतात.

गंमत अशी की पातेल्याचा हा प्रश्न पतंजलीने महाभाष्यात उपस्थित करून ठेवला आहे. पाणिनीच्या मते क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. मग भांडे एक द्रोण शिजवते, लाकडे शिजवतात, असे संस्कृतात म्हणतात ते कसे? पतंजलीचे उत्तर थोडक्यात असे की शिजविणे ही एकच क्रिया नसते. चूल पेटविणे, आधण ठेवणे, तांदूळ घालणे ही माणसाची क्रिया. धारण करणे ही भांड्याची. जळणे ही लाकडांची. बोलणाऱ्याला ज्याची क्रिया प्राधान्याने सांगावयाची असेल, त्याला तो स्वतंत्र म्हणून मांडतो. व्याकरणकारांनी याला विवक्षा म्हटले, म्हणजे बोलणाऱ्याची सांगण्याची इच्छा. तंबू चौघांना झोपवतो की तंबूत चौघे झोपतात, हा वाद दोन हजार वर्षांपूर्वी या सूत्रात बांधला गेला होता. भाषा उंबरठा ठरविते. त्या उंबरठ्याच्या आतून कोणाला आसनावर बसवावयाचे, हे बोलणारा ठरवितो.

‘ने’ची करामत

मराठीचा उंबरठा उंच असला तरी त्याला एक खिडकी आहे. ती म्हणजे तृतीयेचा ‘ने’ हा प्रत्यय. ‘रामाने किल्लीने दार उघडले’ या वाक्यात दोन ‘ने’ आहेत. एक कर्त्याचा, दुसरा साधनाचा. राम गाळला तर ‘किल्लीने दार उघडले’ हे वाक्य निर्धास्त उभे राहते, आणि साधन कर्त्याच्या आसनावर बसल्याचा भास होतो. वर्तमानकाळात हे साधत नाही. ‘किल्लीने दार उघडते’ असे म्हणताच कर्ता दार असतो. भूतकाळात मात्र साधन आणि कर्ता यांचा वेश एकच. म्हणून ‘महागाईने कंबरडे मोडले’, ‘मंदीने नोकऱ्या घेतल्या’, ‘दुष्काळाने गुरे नेली’ ही वाक्ये मराठीत इतकी सहज बसतात. महागाई ही कोणाच्या तरी हातातील काठी होती की स्वतःच चाल करून आलेली शक्ती, हे त्या प्रत्ययावरून कळत नाही. उल्लेखनीय गोष्ट अशी की मी, तू, आम्ही, तुम्ही या सर्वनामांना कर्ता असताना भूतकाळातही ‘ने’ लागत नाही. ‘मी दार उघडले.’ मी आणि तुम्ही यांची गल्लत साधनाशी होऊ शकत नाही. ती सोय केवळ तृतीय पुरुषालाच आहे.

दुसरी खिडकी भाषांतराने उघडली. वृत्तसंस्थांचा इंग्रजी मजकूर रात्रीतून मराठीत आणताना ‘अहवाल सांगतो’, ‘आकडेवारी दाखवते’, ‘या वर्षाने अनेक चढउतार पाहिले’ अशी वाक्ये रुळली. जुनी मराठी ‘अहवालात म्हटले आहे’, ‘आकडेवारीवरून दिसते’ असे म्हणे. दोन्हींत माणूस नाही, हे खरे. पण जुन्या रचनेत अहवाल ही जागा राहते आणि कर्त्याचे आसन रिकामे दिसते. रिकामे आसन पाहून ‘कोणी म्हटले?’ असा प्रश्न सुचू शकतो. नव्या रचनेत आसनावर अहवालच बसलेला असतो, मग प्रश्न विचारावयास जागाच उरत नाही.

याचा अर्थ जुनी मराठी निष्पाप होती असा नाही. ‘निर्णय घेण्यात आला’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ ही सरकारी शैली याच भाषेने घडविली. ‘येणे’ या क्रियापदाचा असा उपयोग झाला की निर्णय पावसासारखे आपोआप येऊ लागले. आसन रिकामे ठेवणे आणि त्यावर भलत्यालाच बसविणे, हे लपविण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत इतकेच.

रुपयाचे क्रियापद कसे बदलले

आता अर्थकारणाकडे वळू. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. त्या वेळचे वाक्य होते: सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. कर्ता स्पष्ट, क्रियापद सकर्मक. पंतप्रधान इंदिरा गांधी आणि अर्थमंत्री सचिंद्र चौधरी यांना त्या एका वाक्यासाठी संसदेत व बाहेर टीकेचे धनी व्हावे लागले. १ व ३ जुलै १९९१ रोजी दोन टप्प्यांत रुपयाची किंमत पुन्हा उतरविण्यात आली. तेव्हाही जाब मनमोहन सिंग यांना विचारला गेला. मार्च १९९३ पासून रुपयाचा विनिमय दर बाजारावर सोपविण्यात आला, आणि तेव्हापासून वाक्य बदलले: रुपया घसरला. अकर्मक क्रियापद, कर्ता स्वतः रुपया.

हा बदल निव्वळ शब्दच्छल नाही. व्यवस्थाच बदलली, हे मान्य केले पाहिजे. दर ठरविणारा एक हात जाऊन हजारो आयातदार, निर्यातदार, बँका व गुंतवणूकदार आले. तरीसुद्धा रिझर्व्ह बँक आजही डॉलरची खरेदीविक्री करते, आणि दरातील अवाजवी चढउतार रोखण्यासाठी आपण हे करतो असे उघड सांगते. म्हणजे रुपया काही अंशी घसरतो आणि काही अंशी त्याला घसरू दिले जाते किंवा सावरले जाते. ‘रुपया घसरला’ या वाक्यात हा दुसरा अंश मावत नाही.

मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत: पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, मरणे आणि मारणे, वाढणे आणि वाढवणे. एका स्वराचा वा एका अक्षराचा फरक, पण त्या फरकात सारा वाद सामावतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संपानंतर ज्या गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, त्या ‘बंद पडल्या’ की ‘बंद केल्या’, यावर गिरणगावातील दोन पिढ्या भांडल्या. शरद जोशी यांनी चाकणच्या कांदा आंदोलनातून शेतकरी संघटनेची जी मांडणी लोकांपुढे आणली, तिचे सार एका क्रियापदात सांगता येईल. शेतमालाचे भाव पडत नाहीत, ते पाडले जातात. या मांडणीशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही. पण तिने शेतकऱ्याला पहिल्यांदा प्रश्न विचारावयास शिकविला, तो कर्त्याचा होता.

कांदा कर्ता कसा झाला

कांद्याइतके कर्तृत्व आपल्या वृत्तपत्रांनी दुसऱ्या कोणत्याही भाजीला बहाल केलेले नाही. भाव वाढले की कांदा शहरातील गृहिणीला रडवतो. भाव पडले की तोच कांदा नाशिक जिल्ह्यातील उत्पादकाला रडवतो. १९९८ साली दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत सत्तांतर झाले, तेव्हा कांद्याने सरकार पाडले असे सर्रास म्हटले गेले. दोन्ही बाजूंना रडविणारा कर्ता एकच असल्यामुळे दोन्ही बाजूंना तो मिळाला आणि खरा कर्ता कोणाच्याच हाती लागला नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली. बंदी प्रथम ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. ती पुढे लांबविण्यात आली आणि मे २०२४ मध्ये उठविण्यात आली. शहरातील ग्राहकाला कांदा परवडावा हा हेतू त्यामागे होता, आणि तो हेतू गैर म्हणता येणार नाही. पण बंदी येताच बाजार समित्यांतील भाव उतरले. शहराला स्वस्त मिळालेल्या कांद्याची किंमत कोणीतरी भरली, आणि ती भरणारा निफाड, चांदवड, येवल्याचा शेतकरी होता. हा एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे केलेला उत्पन्नाचा हस्तांतर आहे. अर्थसंकल्पात न दिसणारा एक कर आहे. ‘कांदा कोसळला’ या दोन शब्दांत हा कर दिसत नाही. कर लावणारा असतो आणि भरणारा असतो. कोसळणारी वस्तू मात्र आपोआप कोसळते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. अर्थशास्त्रच शिकवते की पुष्कळ घटना माणसांच्या कृतीतून घडतात, पण कोणा एका माणसाच्या योजनेतून घडत नाहीत. अॅडम फर्ग्युसनने हा विचार १७६७ सालीच मांडला होता. अवकाळी पावसाने चाळीतील माल सडला, आवक घटली आणि भाव चढले, तर ‘भाव वाढले’ हेच वाक्य खरे होय. तेथे ‘व्यापाऱ्यांनी भाव वाढवले’ असे लिहिणे म्हणजे घटनेला नसलेला खलनायक पुरविणे. प्रत्येक अकर्मक क्रियापदामागे कट शोधणारी दृष्टी ही माणूस मुळीच न शोधणाऱ्या दृष्टीइतकीच आंधळी असते. म्हणून लक्षणेचा सरसकट त्याग करा असे सांगणे निरर्थक आहे. तसे करावयाचे तर वर्तमानपत्राचा एक स्तंभही लिहून होणार नाही.

मग कसोटी कोणती? माझ्या मते ती साधी आहे. वाक्यातील कर्त्याला जाब विचारता येतो काय? कंपनी माणूस नसते, पण कायद्याने तिला व्यक्तित्व दिले आहे. तिच्यावर दावा लावता येतो. न्यायालयाने निकाल दिला म्हणताना न्यायमूर्तींची नावे व त्यांची कारणे निकालपत्रात असतात, आणि मतभेद असला तर तोही नोंदविलेला असतो. अशी नावे ही दारे आहेत. ती ढकलली की आत माणसे भेटतात. बाजार, महागाई, जागतिक परिस्थिती, दिल्ली या नावांना दार नाही. त्यांच्यावर समन्स बजावता येत नाही.

दाराला कडी असावी

दार नसलेल्या नावाला दार बसविता येते, याचे एक चांगले उदाहरण आपल्याच देशात आहे. पूर्वी ‘रिझर्व्ह बँकेने व्याजदर वाढवला’ या वाक्यापलीकडे सामान्य वाचकाला जाता येत नसे. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन सहा सदस्यांची पतधोरण समिती आली. तिघे बँकेचे, तिघे सरकारने बाहेरून नेमलेले. कोणी कोणते मत दिले आणि का दिले, हे बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध करावे लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ६.२५ टक्क्यांवरून ६.५० टक्के झाला, तेव्हा मथळ्यात कर्ता रिझर्व्ह बँकच होती. पण त्या कर्त्याच्या पोटात चार विरुद्ध दोन अशी विभागणी होती. आशिमा गोयल आणि जयंत वर्मा यांनी वाढीस विरोध केला होता, आणि त्यांची कारणे कोणालाही वाचता येत होती. घरकर्जाचा हप्ता भरणाऱ्या माणसाला त्याचा हप्ता वाढवावा असे कोणाला वाटले व कोणाला वाटले नाही, हे कळू शकले. नाव सामूहिकच राहिले, पण ते उघडता येऊ लागले.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेतच. त्याच कायद्याप्रमाणे सलग तीन तिमाह्या महागाई ठरलेल्या कक्षेबाहेर राहिली तर बँकेने सरकारला कारणे कळवावी लागतात. २०२२ साली ती वेळ आली. नोव्हेंबरात समितीची विशेष बैठक झाली, पत्र सरकारकडे गेले. परंतु ते त्या वेळी जनतेपुढे ठेवण्यात आले नाही. दार होते, कडी आतून लावलेली होती.

या सगळ्यात प्राण पणाला लागलेले असू शकतात, हे विसरता कामा नये. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने व त्यानंतरच्या रोगराईने मेली. १९४५ च्या चौकशी आयोगाने मृत्यूंचा अंदाज सुमारे १५ लाख दिला. अमर्त्य सेन यांचा अंदाज सुमारे ३० लाखांचा आहे. ‘दुष्काळाने माणसे मारली’ या वाक्यात कर्ता दुष्काळ आहे, आणि दुष्काळ म्हटले की पाऊस, पीक, निसर्ग हेच डोळ्यांपुढे येते. सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की त्या वर्षी धान्य कमी होते म्हणून एवढी माणसे मेली, हे स्पष्टीकरण टिकत नाही. शेतमजूर, कोळी, कारागीर यांची धान्य मिळविण्याची ऐपत नष्ट झाली होती, आणि युद्धकाळातील भाववाढ व सरकारी धोरण यांचा त्यात हात होता. त्यांच्या आकड्यांवर पुढे वाद झाले. पण चर्चेचा कर्ता बदलला तो बदललाच. निसर्ग आसनावरून उठला आणि तेथे धोरण ठरविणारी माणसे आली. दुष्काळ निवारणाचा विचार त्यानंतर केवळ धान्याच्या कोठारांचा राहिला नाही. तो लोकांच्या हाती रोजगार व पैसा पोहोचतो की नाही याचाही झाला.

तेव्हा मागणी अवास्तव नाही. जे निर्णय लाखो उत्पादकांच्या घरी येणारे उत्पन्न एका अधिसूचनेने बदलतात, त्यांना पतधोरणाचाच न्याय का लावू नये? कांद्याची निर्यात बंद करावी अशी शिफारस कोणत्या समितीने केली, उत्पादनाचा कोणता अंदाज तिच्यापुढे होता, विरोध कोणी नोंदविला आणि शेतकऱ्याच्या नुकसानीचा हिशेब कोणी केला, हे ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करण्याचे बंधन कायद्याने घालता येईल. सरकारला आपला निर्णय योग्य वाटत असेल, तर त्यावर नावे लिहिण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. वृत्तपत्रांनाही आपला वाटा उचलता येईल. मथळ्याला जागा कमी असते, तेथे कांदा कोसळला तरी चालेल. परंतु बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात तरी सही करणारा माणूस भेटला पाहिजे. आणि ‘निर्णय घेण्यात आला आहे’ असे सरकारी पत्रक हाती पडले, की वाचकाने शाळेतील व्याकरणाच्या तासाला विचारला जाणारा प्रश्न पुन्हा विचारावा: या वाक्यातील कर्ता ओळखा.